अडुसष्ट सेंटिमीटर

सभेपुढे विषय होते अकरा.
मासळीबाजाराची वेळ अर्धा तास अलीकडे.
किनाऱ्याच्या रस्त्यावरच्या खजुरांची छाटणी, निविदा तिसऱ्यांदा.
मांजरांबद्दल एक तक्रार, खाली सही नसलेली.
मी मागच्या भिंतीला टेकून उभा,
काखेत नकाशांची गुंडाळी,
कुणी विचारलंच तर उलगडायची.
सहसा कुणी विचारत नाही.

या गावाचं नाव सूर.
पहिल्यांदा फोनवर सांगितलं तेव्हा आईला वाटलं
मी आखातात येऊन गायला लागलोय.
मी रेघा मारतो. बलदियाचा सर्व्हे विभाग,
खिडकीबाहेर अर्धवट बांधलेलं एक गलबत,
एकोणीस वर्षं.

विषय क्रमांक चार : पदपथावरची अतिक्रमणं.
यादी माझीच होती.
एप्रिलच्या उन्हात टेप घेऊन मीच फिरलो होतो :
टायरवाल्याची रास,
न्हाव्याच्या दोन पायऱ्या,
आणि बाणकोट टेलरिंगच्या दारातला पाण्याचा कूलर,
भिंतीपासून अडुसष्ट सेंटिमीटर बाहेर.
मोजून झाल्यावर त्याच कूलरचं दोन पेले पाणी प्यालो होतो,
ते यादीत नाही.
मंजूर. कुणी मान वर केली नाही.

मग खजूर आला, कहवा आला,
कपांची किणकिण झाली.

विषय क्रमांक नऊ : समाजसेवेबद्दल गौरव.
शाळेच्या फाटकापाशी मुलांना रस्ता ओलांडून देणारी एक निवृत्त नर्स.
खाडीतून दोघांना ओढून काढणारा होडीवाला.
आणि शरफुद्दीन हमदुले, शिंपी,
ज्यानं तेवीस उन्हाळे
येणाऱ्या-जाणाऱ्याला थंड पाणी पाजलं,
फिल्टर पदरचे पैसे घालून बदलला.
अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला.
मला वाटलं, आता तरी कुणी
चार आणि नऊ शेजारी ठेवून बघेल.
गुंडाळी घामानं ओली झाली.
मी बोललो असतो, असं मी घरी सांगतो.

समारंभात तो स्वतः शिवलेल्या कोटात आला.
निवेदकानं हमदुलेचं हम्दुल्ला केलं
आणि पुढच्या रांगेतल्या दोन म्हाताऱ्यांनी
सवयीनं मान डोलावली.

चौथ्या दिवशी दोन कागद घेऊन माझ्या खोलीवर.
शिक्का एकच, सही एकच,
एकाला सोनेरी कड, एकाला नाही.
“वाच रे बाबा, माझी अरबी नमाजापुरती.”
मी सोनेरी आधी वाचला. सावकाश. दोनदा.
“आणि ह्यो?”

पंधरा दिवसांची मुदत, म्हटलं. नाहीतर दंड.
आणि मोजलं मीच, हेही म्हटलं.

तो चिडला नाही, हे मला जड गेलं.
गळ्यातली पट्टी काढून माझ्या टेबलावर पसरली.
“अडुसष्ट म्हंजे पावणेसत्तावीस इंच.
दोन वर्सांच्या पोराची दिशदाशा.”
थोडा वेळ पट्टीकडेच बघत बसला.
“मंग आत घेतला की झाला.
कापडाला माया ठेवलेली असते ती कशाला?”

पण भिंतीला माया नसते.
शुक्रवारी गवंडी आला, भिंत फुटली,
कपडे घालून बघायची खोली गेली.
आता गिऱ्हाईक शेजारच्या न्हाव्याकडे जातं
आणि दिशदाशाचा गोंडा सावरत
साबणाच्या वासासकट परत येतं.
कूलर आत, भिंतीतून दोन तोट्या बाहेर.
वर प्रशस्तिपत्र. ओल लागून
सोनेरी कड एका कोपऱ्यात वर उचलली आहे.

मुदत संपली त्या दिवशी फेरमोजणीला गेलो.
टेप लावला. तोट्या भरतात
अकरा सेंटिमीटर.
तो आतून मशीन चालवत होता, बघत नव्हता,
किंवा बघत नाही असं दाखवत होता.
रकान्यात मी लिहिलं : शून्य.

एक मजूर सायकल टेकवून थांबला होता,
त्याच्यानंतर मी वाकून ओंजळ धरली.
पाणी अजून कोमटच होतं.
सकाळीच तर बटण लावलं होतं.